दोन डोंगरांमधला सूर्य मिरजेत उगवत नाही

मिरजेतून डोंगर दिसत नाही. दंडोबा आहे तालुक्यात, पण तो बघायचा तर गाडी काढून जावं लागतं. नारळाच्या बागा नाहीत, कौलारू झोपडी नाही, आणि झोपडीसमोरून वळणं घेत जाणारी निळी नदी तर नाहीच नाही. आमची कृष्णा मातकट आहे, आणि ती दारापर्यंत आली की लोकांना अंथरूण-पांघरूण गोळा करून घर सोडावं लागतं. तरीपण 'माझे गाव' असा विषय दिला की आमची निम्म्याहून जास्त पोरं दोन डोंगर काढतात. मधे अर्धा सूर्य, वर इंग्रजी एमसारखे चार पक्षी, खाली झोपडी. गेली वीस वर्षं मी शाळांच्या चित्रप्रदर्शनांच्या बातम्या करतोय. हा सूर्य इतक्या वेळा उगवताना बघितलाय की आता त्याचा फोटोही काढत नाही.

यंदा मात्र एका शाळेत वेगळं घडलं, आणि जे घडलं ते मोठ्या माणसांना सोसलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

शाळेचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी आपल्याच पोराची शाळा समजावी, फारसा फरक पडणार नाही. शाळेने 'माझं गाव मिरज' असं विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन ठरवलं. निवड समितीत मला घेतलं. पत्रकाराला अशा समितीत का घेतात हे सगळ्यांना माहीत असतं, बातमी चार कॉलम यावी आणि फोटोत सगळे मान्यवर मावावेत म्हणून. असो. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी चार रविवार मुलांना गावात हिंडवलं. स्टेशन, सतारमेकर गल्ली, कृष्णा घाट, दवाखान्यांचा रस्ता. नियम एकच सांगितला: घरी जाऊन मोबाइल उघडायचा नाही, डोळ्यांनी बघितलंय तेच काढायचं.

मुलांनी बघितलं आणि काढलं. मग समिती बसली, आणि सात चित्रं बाजूला काढून ठेवली. सध्या ती स्टाफरूममधल्या कपाटावर आहेत. माझ्याच पेपरात गुंडाळून.

काय आहे या चित्रांत ते सांगतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

आठवीतल्या एका पोराने पाण्याची रेल्वे काढलीय. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेतून रेल्वेने पाणी गेलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरचे कॅमेरे आपल्या यार्डात आले होते. हा पोरगा तेव्हा बालवाडीतही नसेल, पण घरी ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात ती गाडी आहे. समितीला चित्र फार आवडलं. प्रवेशद्वाराशीच लावू म्हणाले. मग कुणीतरी चष्मा लावून नीट बघितलं. गाडीच्या मागे, कोपऱ्यात, पोराने स्वतःची गल्ली काढली होती. गल्लीत नळ, नळाला घागरींची रांग, रांगेत त्याची आई, हातात मोबाइल, वेळ घालवत उभी. रेल्वे पाणी घेऊन चाललीय आणि आई पाण्याची वाट बघतेय. एका सदस्यांनी सुचवलं, "तेवढा नळाचा कोपरा रंगवून टाकू या का? झाड काढ म्हणावं तिथं." पोरगा नाही म्हणाला. चित्र कपाटावर गेलं.

दुसरं चित्र एका मुलीचं. ही मुलगी संध्याकाळी आईबरोबर दवाखान्यांच्या रस्त्यावर चहाच्या गाड्यावर असते. 1894 साली डॉ. वानलेस यांनी इथे दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज म्हणजे आजारी माणसांचं गाव. अर्धा पश्चिम महाराष्ट्र आणि सीमेपलीकडचा कर्नाटक इथे येऊन पडतो. आपण त्याला 'वैद्यकीय पंढरी' म्हणतो, भाषणात छान वाटतं. तिने पंढरी काढली नाही, तिने वारकरी काढले. रात्रीचा फूटपाथ, त्यावर ओळीने झोपलेले नातेवाईक. एकाच्या उशाशी थर्मास, एकीच्या छातीवर तान्हं पोर, आणि एक म्हातारा जागा आहे, तो एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाने बायकोला वारा घालतोय. ते एक्स-रेचं पाकीट कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही. ते बघावं लागतं. मी वीस वर्षं त्या रस्त्याने जातोय, आणि मला ते लिहायला सुचलं नाही जे या मुलीने काढून दाखवलं. समितीचं म्हणणं: "उदास वाटतं."

तिसरं तंतुवाद्यांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून प्रत्येक भाषणात तंबोरा असतो. हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ही कला हातात घेतली, सगळ्या हिंदुस्थानातले गवई इथले तंबोरे घेऊन बसले, हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. नववीतल्या एका मुलाने आपल्या आजोबांचं दुकान काढलं. आढ्याला टांगलेले भोपळे, पंढरपूरकडून येतात ते, मोठे, वाळलेले. खाली आजोबा पटाशी घेऊन बसलेले. शेजारी एक रिकामं स्टूल. मी विचारलं, हे रिकामं का रे? म्हणाला, "काकांचं हाय. ते आता एमआयडीसीत जातात." बस. एवढंच. समितीची सूचना काय असावी? स्टुलावर सरस्वती बसवावी. आणि जमल्यास मोर.

बाकीची पटकन सांगतो. एकात 2019चा महापूर आहे, म्हणजे पूर नाहीच, शाळेचा वर्ग आहे. बाकांवर साड्या वाळत घातलेल्या, फळ्यावर सुविचार तसाच, आणि खाली सतरंजीवर चार कुटुंबं. "आपल्याच शाळेचं असं चित्र कशाला?" एकात गणपतीची मिरवणूक. आमच्या मिरजेच्या स्वागत कमानी लांबून बघायला येतात लोक. पोरीने कमान झकास काढलीय, पण कमानीखाली डॉल्बीची भिंत, आणि बाजूच्या घराच्या खिडकीत कानात कापूस घातलेली आजी. वर कमानीवर पुढाऱ्यांचे चेहरे, गणपतीपेक्षा मोठे. हे चित्र का गेलं ते सांगायला नको. उरलेल्या दोनांत एक उघडं गटार आहे आणि एक बंद पडलेलं थिएटर.

आता समितीचे मुद्दे. ही वाईट माणसं नाहीत. यातले दोघे माझे जुने स्नेही आहेत, एकांनी तर कोविडात स्वतःच्या खिशातून लोकांना किराणा पोचवला. म्हणून त्यांच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं, नुसती टिंगल करून भागणार नाही.

पहिला मुद्दा: पाहुणे येणार, गावाची बदनामी नको. दादा, हे वाक्य मला पाठ आहे. खड्ड्याची बातमी केली की हेच वाक्य, डेंग्यूची केली की हेच. "जरा पॉझिटिव्ह छापा की." आम्ही पत्रकार या वाक्यापुढे कधी टिकतो, कधी वाकतो, आमची पोटं आहेत, जाहिराती आहेत. आठवीतल्या पोराला कुणाची जाहिरात मिळवायचीय? आणि पाहुणे स्टेशनवरून येणार की आभाळातून? त्याच रस्त्याने येणार. गटार त्यांनी वाटेत बघितलेलंच असणार. भिंतीवर ते दिसलं तर त्यांना एवढंच कळेल की या गावातल्या मुलांनाही ते दिसतं. यात बदनामी असलीच तर ज्यांनी गटार झाकलं नाही त्यांची आहे. ज्याने काढलं त्याची नाही.

दुसरा मुद्दा: लहान मुलांच्या मनात नकारात्मकता कशाला भरायची? कोण भरतंय? ती मुलगी रोज रात्री दहापर्यंत त्या फूटपाथशेजारी उभी असते. तिच्या मनात ते आधीपासून आहे, आता कागदावर आलंय. आणि जरा निवांत बघा ते चित्र. तो म्हातारा बायकोला वारा घालतोय. याच्यापेक्षा प्रेमाचं काय असतं? उदास ते चित्र नाही, उदास आपण झालो, कारण आपण तिथून गाडीची काच वर करून जातो.

तिसरा मुद्दा थोडा खरा आहे, आणि तो एका शिक्षिकेनेच मांडला. त्या म्हणाल्या, हल्ली मुलांना कळलंय की दुःख काढलं की बक्षीस मिळतं. बरोबर आहे. रडणारी पृथ्वी, तिच्या कपाळावर बँडेज, एका बाजूला हिरवं झाड आणि दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड. ही चित्रंसुद्धा आता दोन डोंगरांइतकीच घासून गुळगुळीत झालीत. फक्त आनंदाऐवजी दुःखाची नक्कल. पण गंमत अशी, की या प्रदर्शनात रडणाऱ्या पृथ्वीची तीन चित्रं निवडली गेलीत! कारण पृथ्वी रडली तर महापालिकेला काही वाटत नाही. आपल्या गल्लीतला नळ रडला की वाटतं.

चौथा मुद्दा, चित्रं 'तांत्रिकदृष्ट्या कच्ची' आहेत. यावर बोलायला हवं, कारण इथे सगळा घोळ आहे.

आपण चित्रकलेचं काय करून ठेवलंय बघा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना आपली हजारो पोरं बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप फी भरून क्लास लावतात, ठीकच आहे. त्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा एक पेपर आहे. नाव किती सुंदर आहे. तू जे बघितलंस ते आठवून काढ. बाजार, बसथांबा, जत्रा. आणि क्लासमध्ये काय शिकवतात? पाच-सहा माणसं पाठ करून घेतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा, फुगेवाला. विषय कुठलाही येवो, हीच माणसं तिथे नेऊन उभी करायची. जत्रेतही छत्रीवाला, बसथांब्यावरही छत्रीवाला. स्मरण आहे, पण ते गाइडचं. मग असं पोर स्वतःच्या गल्लीत उभं राहिलं तरी त्याला गल्ली दिसत नाही, छत्रीवाला कुठे बसवायचा एवढंच दिसतं.

दुसरं, वारली. मिरजेतल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर वारली आहे. बोर्डाखाली वारली, स्वच्छतागृहाबाहेर वारली, निवडलेल्या चित्रांमध्येही नऊ वारली. मला वारली चित्रं अतिशय आवडतात, गैरसमज नको. पण ती डहाणू-पालघरकडच्या माणसांनी त्यांच्या घरांच्या भिंतींवर काढली. तिथली भातशेती, तिथली लग्नं, तिथला तारपा. जिव्या सोमा मशे यांना पुढे पद्मश्री मिळाली, परदेशात प्रदर्शनं झाली. ते त्यांच्याभोवतीचं जग काढत होते, मासे पकडायचं जाळंसुद्धा त्यांनी असं काढलं की बघत राहावं. त्यांच्याकडून शिकायचं तर हे शिका ना, की आपल्या भोवतालचं आपण काढावं. आपण काय शिकलो? दोन त्रिकोण जोडले की माणूस. मिरजेच्या पोराने तारपा का काढावा, त्याच्या गल्लीत सतार असताना?

आणि लांब कशाला, तासाभरावरच्या कोल्हापुरात आबालाल रहमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे.त शिकले, पुढे शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि या माणसाने काय रंगवलं? कोटितीर्थ, रंकाळा. घराजवळची तळी. तेच पाणी वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा. आज कोल्हापूरकर त्यांचं नाव छाती फुगवून घेतात. त्यांना तेव्हा कुणी 'स्वित्झर्लंड काढा, पाहुणे येणारेत' असं सांगितलं नाही, हे आपलं नशीब.

तर कच्चं कशाला म्हणायचं? त्या म्हाताऱ्याचा हात थोडा लांब झालाय, मान्य. पण तो वारा घालतोय हे दहा फुटांवरून कळतं. निवडलेल्या चित्रांमध्ये एक ताजमहाल आहे, एकदम सफाईदार, सावल्या वगैरे सगळं. 'माझं गाव मिरज' या प्रदर्शनात ताजमहाल! कुणीही हरकत घेतली नाही. मी घेतली, तर म्हणाले पालकांनी मेहनत घेतलीय.

बाईंबद्दल इथे फार लिहीत नाही. का ते समजून घ्या. एवढंच सांगतो की शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला निदेशक असावेत असं लिहिलंय, आणि त्याआधी एक शब्द आहे: अंशकालीन. 2009च्या कायद्यातच चित्रकला ही अर्ध्या नोकरीची गोष्ट ठरली. शाळाशाळांतून चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की जागा भरल्या जात नाहीत, तासिकेवर कुणीतरी येतं, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची त्याला खात्री नसते. अशा माणसाने समितीसमोर सात चित्रांसाठी भांडावं अशी अपेक्षा करणं सोपं आहे. ते काम ज्याची नोकरी जाणार नाही त्याने करावं. म्हणून मी करतोय.

आता प्रदर्शनाच्या तयारीचं, कारण तिथेही दिसतं आपलं प्रेम कुठे आहे ते. चित्रांच्या माउंटसाठी पैसे नाहीत म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायची चर्चा झाली. फ्लेक्ससाठी मात्र पैसे आहेत, दोन फ्लेक्स, एक गेटवर एक स्टेजमागे, त्यावर चौदा फोटो. त्यात मुलाचं एकही चित्र नाही. चित्रं लावायची उंची पाहुण्यांच्या डोळ्यांना सोयीची ठरली. म्हणजे पाचवीतलं पोर स्वतःचं चित्र बघायला मान वर करून उभं राहणार आणि त्याला दिसणार कागदाची खालची कड. एक फूट खाली घ्या हो. पाहुणे वाकतील थोडे, काही होत नाही. पाकळ्या उधळायला, हार घालायला वाकतातच.

आणि चित्राखाली नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक एवढंच लिहिणार आहेत. माझी मागणी होती की प्रत्येक मुलाचं एक वाक्य लिहा, त्याच्या बोलीत, शुद्धलेखन न सुधारता. 'काकांचं हाय. ते आता एमआयडीसीत जातात.' हे वाक्य त्या रिकाम्या स्टुलाखाली असेल तर मानांकनाचं भाषण करणाऱ्याला दोन मिनिटं थांबावं लागेल. कदाचित त्यातून कुणी विचारेल की कारागिराच्या घरात पुढची पिढी त्या स्टुलावर का बसत नाही, तिला काय मिळालं तर ती बसेल. हा प्रश्न चौदा फोटोंपैकी एकानेही विचारलेला नाही. नववीतल्या पोराने विचारलाय, पेन्सिलीने.

काहीजण म्हणतील, गावात एवढे प्रश्न असताना हा पोरांच्या चित्रांवर काय लिहीत बसलाय. अहो, ते प्रश्न आहेत तसेच का राहतात? कारण आपण लहानपणापासून शिकतो की गाव म्हणजे जे दिसतं ते नव्हे, जे दाखवायचं असतं ते. दहाव्या वर्षी नळाच्या जागी झाड काढायला लावलेला पोरगा पस्तिसाव्या वर्षी नगरसेवक होतो, आणि मग तो खरोखरच नळाच्या जागी झाड लावतो, वृक्षारोपणाचा फोटो काढतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथल्या दर्ग्यात विसावलेत, उरुसात दरवर्षी त्यांच्या आठवणीत गवई गातात. पूर्ण प्रदर्शनात खाँसाहेबांचं चित्र आहे, फोटोवरून काढलेलं, छान आहे, लावा. पण ज्यांनी त्यांच्यासारख्यांचे तंबोरे घडवले त्यांच्या नातवाचं चित्र कपाटावर ठेवून ते लावू नका.

शनिवारी सकाळी साडेदहाला उद्घाटन आहे. समितीची शेवटची बैठक गुरुवारी संध्याकाळी. मी ती सातही चित्रं पेपरातून सोडवून परत टेबलावर ठेवणार आहे. तुमचं पोर त्या शाळेत असेल आणि त्याने घरी येऊन 'माझं चित्र घेतलं नाही' एवढंच सांगितलं असेल, तर बुधवारी जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, भांडू नका, फक्त चित्र बघायला मागा. त्यांना दाखवावंच लागेल. आणि चित्रं लागणार नसतील तर समितीच्या यादीतून माझं नाव काढा, फ्लेक्सवरचा फोटोही. फ्लेक्स अजून छापायला गेलेला नाही, मी विचारून घेतलंय.